महाधमनीची झडप बदलताना: छाती उघडून की मांडीतून?

हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य धमनी म्हणजे महाधमनी. वयानुसार कॅल्शियम साचून तिच्या तोंडाशी असलेली झडप आखडते. धाप लागते, छातीत दुखते, चक्कर येते. औषधांनी ती झडप पुन्हा मोकळी होत नाही, बदलावीच लागते.

जुना मार्ग छातीचे हाड कापून. हृदय थांबवतात, रक्ताभिसरण यंत्रावर घेतात, खराब झडप काढून नवी शिवतात. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे जातात. पण सर्जनला सगळे डोळ्यांसमोर दिसते, बायपासही त्याच वेळी उरकता येते. धातूची झडप दीर्घकाळ टिकते, मात्र रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.

दुसरा मार्ग टावी (TAVI), म्हणजे छाती न उघडता धमनीतून नळीने झडप बसवणे. २००२ साली फ्रान्समधल्या रूआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी ती माणसावर पहिल्यांदा केली. जांघेतल्या धमनीतून मिटलेली झडप वर नेतात आणि जुन्या झडपेच्या आतच उघडतात. हृदय धडधडतच असते. बरेच रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातात. ऐंशीच्या आजीसाठी हे केवढे मोठे वरदान! तरी पेसमेकर लागण्याची शक्यता इथे जास्त, आणि कडेने थोडी गळती राहू शकते.

अमेरिकेतील २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे पासष्टीच्या आत शस्त्रक्रियेकडे, ऐंशीनंतर टावीकडे झुकतात. मधल्या वयात माझा आग्रह एकच: पहिली झडप झिजल्यावर दुसरी कशी बसवणार, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने (ऱ्हुमॅटिक फीवर) बिघडलेल्या झडपाही पुष्कळ. तिथे बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.