एकवीस ऑक्टोबरची पावती

दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत दुकानात फोन येतो. "पोलीस मुख्यालयातून बोलतोय, साहेब लाइनवर आहेत." मग भारदस्त आवाजात चौकशी होते, धंद्याची विचारपूस होते आणि शेवटी विषय निघतो: २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन आहे, शहीद पोलिसांच्या कुटुंबीयांसाठी स्मरणिका काढतोय, आपला माणूस येईल, बघा काय जमतं ते. तासाभरात माणूस येतोही. तपकिरी बूट, बारीक कापलेले केस, दुचाकीवर 'पोलीस'चं स्टिकर, हातात दरपत्रक. मलपृष्ठ, पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान आणि सगळ्यात खाली 'शुभेच्छुक' म्हणून नुसतं नाव, ₹१,१००. दुकानदार बहुधा शेवटच्या दोन ओळींतली एखादी निवडतो. भामट्यालाही तेच हवं असतं, कारण अकराशे रुपयांसाठी कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही.

ही फसवणूक इतकी वर्षं टिकली, कारण तिच्यात आदर आणि धाक एकाच वेळी काम करतात. पावती तपासायला मागणं म्हणजे शहिदाचा अपमान वाटतो, आणि नाही म्हटलं तर उद्या दुकानासमोरच्या गाडीला जॅमर लागेल अशीही शंका येते. समोरचा धमकी देतच नाही, फोनवरच्या 'साहेबां'नी ते काम आधीच केलेलं असतं.

खरा स्मृतिदिन काय आहे हे माहीत असलं की निम्मं सोंग तिथेच गळतं. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळतात. जिल्ह्याच्या मुख्यालय मैदानावर सकाळी शोक संचलन होतं, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षभरात देशात कर्तव्यावर मरण पावलेल्यांची नावं वाचली जातात, शोकशस्त्र होतं, बंदुकीच्या फैरी झडतात, पुष्पचक्रं वाहिली जातात. हा सरकारी कार्यक्रम आहे. त्याला तिकीट नाही, प्रायोजक नाही आणि 'शुभेच्छुक' तर नाहीच. (स्मृतिदिनाला शुभेच्छा कसल्या द्यायच्या, हा प्रश्न दरपत्रक छापणाऱ्याला कधी पडत नाही.)

दरपत्रकावर छायाचित्रं मात्र खरी असतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, तुकाराम ओंबळे. कधी १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगात गेलेल्या १५ जवानांचा एकत्रित फोटो. चेहरे ओळखीचे असल्यामुळे डोळे तिथेच थांबतात, खालचा खाते क्रमांक कोणी वाचत नाही. आलेल्या माणसाला साधा प्रश्न विचारावा: कोणत्या वर्षी, कुठे गेलेल्या कोणाच्या घरी हे पैसे जाणार? उत्तर 'सगळ्याच शहीद कुटुंबांना' असं गोल आलं, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

पावतीवर क्रमांकांची गर्दी असते आणि इथेच बहुतेक जण फसतात. 'महा/…/वर्ष' अशा धाटणीचा क्रमांक संस्था नोंदणीचा असतो. सात माणसं जमवून संस्था नोंदवता येते, त्याचा पोलीस दलाशी काही संबंध नसतो. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी, तिचा क्रमांक 'एफ' किंवा 'ई' अक्षराने सुरू होतो आणि पुढे जिल्हा असतो. तो आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात पडताळता येतो. वृत्तपत्र निबंधकांचा आरएनआय क्रमांक सांगतो की नियतकालिक नोंदलेलं आहे, एवढंच. 'उद्यम' म्हणजे लघुउद्योगाची नोंद, ती पानटपरीलाही मिळते. आयएसओ (दर्जाचं प्रमाणपत्र) आणि दर्पण (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) हे शब्द पावती भरलेली दिसावी म्हणून. नोंदणीकृत न्यास नसलेल्यांनी लोकांकडून निधी गोळा करायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क ची परवानगीची प्रक्रिया आहे. गणेशोत्सव मंडळांना ती तोंडपाठ असते, त्यामुळे गल्लीतल्या मंडळाचा खजिनदार हा कागद ओळखायला सगळ्यात चांगला माणूस.

८०जी (देणगीवर आयकर सवलत देणारं कलम) लिहिलेलं असेल तर आणखी सोपं. संस्थेचा पॅन मागावा आणि त्याचं चौथं अक्षर पाहावं. 'पी' असेल तर तो एका व्यक्तीचा पॅन आहे. न्यासाचा 'टी' असतो. ₹२,००० पेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही, म्हणून "पाच हजार रोख द्या, पावतीवर ८०जी आहेच" असं सांगणाऱ्याला एकतर नियम माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसावा अशी त्याची इच्छा आहे. खऱ्या संस्थेला देणगीदाराची माहिती आयकर खात्याकडे भरून १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक न विचारता फाडलेल्या पावतीवरून ते निघूच शकत नाही. नव्या करप्रणालीत असलेल्याला ही सवलत तशीही नाही, तेव्हा तिच्या मोहात पडायचं कारणच उरत नाही.

क्यूआर कोड हा नवा अवतार. नक्षली किंवा अतिरेकी हल्ल्याची बातमी आली की काही तासांत जवानाचा फोटो, रडणारं कुटुंब आणि खाली कोड असा संदेश फिरू लागतो. कोड स्कॅन केल्यावर रक्कम टाकण्याआधी पडद्यावर जे नाव दिसतं ते वाचावं. वर संस्थेचं नाव आणि पडद्यावर कुणा एकट्या माणसाचं, असं असेल तर तिथेच थांबावं. "कोषाध्यक्षांचं वैयक्तिक खातं आहे, संस्थेचं अजून उघडायचंय" हे उत्तर ठरलेलं असतं.

मदत करायचीच असेल तर वाटा आहेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या जवानांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाचं 'भारत के वीर' हे पोर्टल २०१७ पासून आहे. तिथे जवान निवडून थेट वारसाच्या खात्यात पैसे देता येतात आणि एका कुटुंबासाठी ₹१५ लाखांची मर्यादा आहे. राज्य पोलिसांच्या कुटुंबासाठी पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात स्वतः जाऊन कल्याण शाखेत विचारावं. पावतीवर छापलेल्या नंबरावर फोन करून खात्री करू नये. तो नंबर त्याच टोळीतल्या दुसऱ्या 'साहेबां'चा असतो. आणि आलेला माणूस खरोखर नोकरीतला पोलीस निघाला तरी पाकीट काढू नये. वर्तणूक नियमांप्रमाणे सरकारी नोकराला पूर्वपरवानगीशिवाय निधी गोळा करता येत नाही. परवानगीचा कागद दाखवायला सांगावं.

स्मरणिका बहुधा निघत नाही. निघालीच तर जाहिरातदारांपुरत्या थोड्या प्रती, आत जाहिराती आणि मधे दोन पानांचा उचललेला मजकूर. नुकसान अकराशेवर थांबत नाही. पावतीची स्थळप्रत (पुस्तकात मागे राहणारी प्रत) त्यांच्याकडे राहते, म्हणजे दुकानाचं नाव, नंबर आणि हा माणूस देतो ही माहिती. पुढच्या वर्षी फोन येतो तो "गेल्या वेळी आपण अर्धं पान घेतलं होतं" असाच. मधल्या काळात ती यादी कुणाकुणाकडे फिरते, हे आरोग्य शिबिर, अपघातग्रस्त मदत, दिव्यांग नाट्यप्रयोग अशा निमित्तांनी येणाऱ्या फोनांवरून कळतं.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा; रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता असते. जवळ व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी ठेवावा. धनादेश दिला असेल तर वटण्याआधी बँकेला लेखी सूचना देऊन थांबवावा. रोख दिली असेल तर पावती हाच पुरावा, ती रागाने फाडू नये. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, २०४ सरकारी नोकर असल्याची बतावणी करण्याचं. एकट्या अकराशेच्या तक्रारीला ठाणे अंमलदार "बघू" म्हणतात, म्हणून आधी शेजारच्या दुकानांत विचारावं. पावत्यांचे क्रमांक ओळीने लागतात. गल्लीतल्या दहा-पंधरा पावत्यांच्या झेरॉक्स जोडून एकच अर्ज द्यावा, एक प्रत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे द्यावी आणि दोन्हीकडचा आवक क्रमांक आपल्या प्रतीवर घेऊनच बाहेर पडावं.