फिंगर लेक्सची रीसलिंग, अकरा महिन्यांनंतर : बाटलीमागची पट्टी आणि जुलैमधले खोके

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या दारात बारा बाटल्यांचे खोके आले, तेव्हा त्यातील चार बाटल्यांची बुचे वर सरकलेली होती आणि मानेवरून चिकट ओघळ सुकले होते. वाईनच्या पार्सलवर किमान एकवीस वर्षांच्या व्यक्तीची सही लागते. आम्ही दोघेही कामावर असल्यामुळे ते खोके तीन दिवस तापलेल्या गाडीतून फिरत राहिले. उघडलेल्या पहिल्या बाटलीला शिजवलेल्या फळाचा वास होता. विक्रेत्याशी पाच आठवडे पत्रव्यवहार करून निम्मे पैसे परत मिळाले. वाहतुकीचे अडतीस डॉलर मात्र गेलेच. त्या निमित्ताने, न्यू यॉर्क राज्यातील फिंगर लेक्स या तलावांच्या प्रदेशातली रीसलिंग ही पांढरी वाईन गेले अकरा महिने पिऊन जे मत बनले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मी न्यू जर्सीत राहते. कॅलिफोर्नियाची चांगली वाईन आता चाळीस डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही, म्हणून मी कमी परिचित प्रदेशांकडे वळले. व्हर्जिनियाची व्हिऑन्ये ही पांढरी वाईन सुगंधी होती, पण दुसऱ्या पेल्यानंतर जड वाटली. मिझुरीच्या नॉर्टन या मूळच्या अमेरिकी द्राक्षाची गडद लाल वाईन मटणाबरोबर आवडली. त्याच राज्यातील ऑगस्टा हा 1980 मध्ये अमेरिकेतील पहिला अधिकृत वाईन प्रदेश ठरला, हे मला तेव्हाच कळले. न्यू मेक्सिकोची फेसाळ वाईन वीस डॉलरच्या आसपास मिळते आणि ती त्या किमतीला उत्तम आहे. या सर्वांतून घरात टिकली ती फिंगर लेक्सची रीसलिंग.

रीसलिंगच्या अनेक बाटल्यांच्या मागील लेबलवर एक आडवी पट्टी असते. तिचे ड्राय (म्हणजे गोडवा न जाणवणारी), मीडियम ड्राय, मीडियम स्वीट आणि स्वीट असे चार टप्पे असून एक खूण त्या वाईनची जागा दाखवते. सुरुवातीला मला ही विक्रीची युक्ती वाटली होती आणि ते मत मी आता पूर्णपणे मागे घेते. आंतरराष्ट्रीय रीसलिंग फाउंडेशनने ही पट्टी 2008 मध्ये आणली, आणि ती केवळ साखर मोजत नाही, तर साखरेचे आम्लाशी असलेले प्रमाण पाहते. प्रमाण एकाहून कमी असेल तर ड्राय, एक ते दोन असेल तर मीडियम ड्राय, आणि पीएच जास्त, म्हणजे आंबटपणा सौम्य, असेल तर वाईन एक पायरी गोड बाजूला सरकते. म्हणजे लिटरमागे आठ ग्रॅम साखर असलेली वाईन नऊ ग्रॅम आम्ल असताना ड्राय ठरते, तर सहाच ग्रॅम आम्ल असताना मीडियम ड्राय. आमटीत गूळ किती घातला एवढ्यावरच तिची चव ठरत नाही, चिंच किती आहे यावरही ठरते. स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागू नये.

म्हणूनच ही पट्टी नसलेल्या बाटल्यांचा मला मनापासून राग येतो. मार्चमध्ये मी चोवीस डॉलर देऊन ‘सेमी-ड्राय’ लिहिलेली एक बाटली आणली आणि ती मटकीच्या झणझणीत उसळीबरोबर ठेवली. वाईन इतकी आंबट निघाली की पाहुण्यांनी पेले तसेच सोडले. दोन चौरस सेंटिमीटर कागद वाचवून उत्पादकाने काय साधले, हे मला अजून समजलेले नाही. आता पट्टी नसेल तर मी बाटली घेत नाही, मग किंमत कितीही कमी असो.

तिखटाबरोबर मीडियम ड्रायच हवी, असे माझे पहिले सहा महिने ठाम मत होते. तिखटाची आग मद्यार्काने वाढते आणि थोड्या गोडव्याने शमते; या वाईनमध्ये मद्यार्क साधारण अकरा-बारा टक्केच असतो. उसळ आणि कोल्हापुरी रश्श्यासाठी ते मत आजही कायम आहे. पण तळलेली सुरमई, कोथिंबीरवडी, अळूवडी यांच्याबरोबर ड्रायच खुलते. तिचा आंबटपणा लिंबू पिळल्यासारखा तेल कापतो. आता आमच्याकडे तीनास एक या प्रमाणात ड्रायच येते.

मे महिन्यात आम्ही साडेचार तास गाडी चालवून फिंगर लेक्समधल्या सेनेका तलावावर गेलो. तेथून दिंडोरीला दादाला फोन केला, तर त्याचा पहिला प्रश्न होता, “खुंट कोणता वापरतात ते विचार.” खुंट म्हणजे ज्या मुळावर द्राक्षाचे कलम करतात तो. दिंडोरीच्या आमच्या द्राक्षबागेत डॉगरीज आहे, आणि तो खुंट मूळचा टेक्सासचा. येथे प्रश्न थंडीचा असतो. हिवाळ्यात कलमाच्या जोडावर मातीची भर घालतात आणि वसंतात ती काढतात, हे ऐकून दादा बराच वेळ गप्प राहिला. सेनेका 188 मीटर खोल असल्यामुळे त्याचे पाणी सहसा गोठत नाही आणि काठच्या उतारांना ऊब देत राहते. तरीही रीसलिंगसारखे युरोपीय द्राक्ष येथे जगणार नाही, असेच बहुतेकांचे मत होते. मूळच्या युक्रेनच्या आणि 1951 मध्ये अमेरिकेत आलेल्या डॉ. कॉन्स्टन्टिन फ्रँक यांनी थंडी सोसणाऱ्या खुंटांवर कलमे करून ते खोटे ठरवले आणि 1962 मध्ये क्यूका तलावाकाठी आपली वाइनरी काढली. मी आज वीस डॉलरला जे पिते, ते त्या माणसाच्या हट्टाचे फळ आहे आणि त्याबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते.

खरेदीबाबत एवढेच सांगते. राज्याबाहेरच्या वाइनऱ्यांना वेगळा, जाचक नियम लावता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये दिला, आणि तो खटला मिशिगन व न्यू यॉर्कच्याच कायद्यांविषयी होता. त्यामुळे घरपोच मागवणे आता पुष्कळ सोपे आहे, परंतु जून ते सप्टेंबर मागवू नका. अनेक विक्रेते सांगितल्यास माल थंडी येईपर्यंत स्वतःकडे ठेवतात. पत्ता कार्यालयाचा द्या, म्हणजे सही पहिल्याच दिवशी होते.

माझे पुढचे खोके ऑक्टोबरच्या शेवटी येईल. त्यातील दोन बाटल्या दिवाळीत दादासाठी नाशिकला नेणार आहे, एक ड्राय आणि एक मीडियम ड्राय, दोन्हींवर पट्टी असलेल्या.