भिंतीतून आलेला धूर : 'अं शां दामूर' (१९५०)

काल रात्री फ्रेंच लेखक ज्याँ जनेचा 'अं शां दामूर' हा सिनेमा बघितला. जेमतेम २६ मिनिटांचा, ब्लॅक अँड व्हाइट, एकही डायलॉग नाही, आणि संपल्यावर मी तो लगेच परत पहिल्यापासून लावला. फ्रान्समधलं जेल, शेजारशेजारच्या कोठड्यांत दोन कैदी, मधे जाडजूड भिंत. एक वयाने मोठा, तो भिंतीवर ठोकत राहतो, भिंतीलाच बिलगतो, आणि पलीकडचा तरुण पोरगा आपल्याच नादात नाचतोय.

मग तो सीन येतो. भिंतीला एक बारीकसं भोक आहे, त्यातून मोठा कैदी गवताची काडी पलीकडे सरकवतो आणि तोंडातला सिगरेटचा धूर तिच्यातून हळूहळू सोडतो, पलीकडे तो पोरगा तोंड उघडून तो धूर आत ओढून घेतो. स्पर्श नाही, शब्द नाही, अंगावर काटा आला अक्षरशः. दोन माणसं इतकी जवळ आलेली मी पडद्यावर क्वचितच पाहिलीयेत.

जने स्वतः चोऱ्यांपायी कितीदा आत जाऊन आलेला, पहिली कादंबरीसुद्धा जेलमध्येच लिहिली, म्हणून ती घुसमट इतकी खरी वाटते. दिग्दर्शन आयुष्यात एवढं एकच केलं. पैसे घातले निको पापाताकिसने, जो पॅरिसमध्ये नाइटक्लब चालवायचा.

दारातल्या भोकातून डोकावणारा गार्ड पहिल्यांदा मला नुसता व्हिलन वाटला, दुसऱ्यांदा बघताना कळलं की तो जळतोय, त्यांच्याकडे जे आहे ते त्याला हवंय आणि मागता येत नाही म्हणून तो पट्टा काढून मारतो. जंगलातला कल्पनेचा भाग मात्र मला लांबल्यासारखा वाटला, कोठडीतला ताण तिथे सैल पडतो.

नग्नता उघडउघड आहे, घरच्यांसोबत बघायचा नाही. १९६४ ला न्यूयॉर्कमध्ये हा दाखवला म्हणून फिल्ममेकर जोनास मेकासला अटक झाली होती आणि १९६७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही ५ विरुद्ध ४ मतांनी अश्लील ठरवण्याचा निकाल कायम ठेवला, याचा मला अजून राग येतो.

काही प्रतींना नंतर संगीत जोडलंय, ते म्यूट करूनच बघा. आणि गजांतून बाहेर आलेल्या त्या दोन हातांवर लक्ष ठेवा, एक हात फुलांचा गुच्छ झुलवतोय, शेजारच्या खिडकीतला हात तो पकडायला बघतोय आणि सारखा हुकतोय, मी दर वेळी श्वास रोखून बसलेलो.