माशांच्या टँकचं पाणी बिघडलंय: पाणी बदलावं, औषध टाकावं की फिल्टर वाढवावा?

बहुतेक जण पाण्याचा रंग बघून उपाय ठरवतात आणि तिथेच गणित चुकतं. माशांच्या जिवावर उठणाऱ्या अमोनिया आणि नायट्राइटला रंगच नसतो. पाणी नितळ दिसतंय, पण मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत, हे लक्षण गढूळपणापेक्षा कितीतरी गंभीर. उलट, लाकडाच्या ओंडक्यातून उतरलेल्या टॅनिनमुळे पिवळसर-तपकिरी झालेलं पाणी बऱ्याच माशांना मानवतंसुद्धा.

म्हणून आधी थेंबांचं टेस्ट किट घ्या. कागदी पट्ट्या झटपट असतात खऱ्या, पण अनेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो. एक बारीक गोष्ट: नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली थेंब टाकण्याआधी अर्धा मिनिट तरी जोरात हलवायची. तिच्यातला घटक तळाशी बसतो, आणि न हलवता वापरली की आकडा खोटा, कमी येतो.

आता उपाय. पाणी बदलणं हा सगळ्यांत कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा. अमोनिया २ पीपीएम (दहा लाखात दोन भाग) असेल आणि निम्मं पाणी बदललं, तर तो लगेच १ वर येतो. नायट्राइट, नायट्रेट, औषधांचे अवशेष, सगळ्यांना हाच हिशोब लागू. यात अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे चांगले जिवाणू जातील ही भीती नको; ते पाण्यात फारसे नसतातच, ते फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या रेवेवर चिकटलेले असतात. अट एवढीच की नव्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारायला हवं आणि तापमान जुळायला हवं. एक दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, क्लोरामीन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) मात्र उडत नाही. त्याला डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन मारणारं औषधच लागतं.

पण हा उपायही आंधळेपणाने करायचा नाही. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टँकमध्ये जिवाणू पाण्याचा क्षारपणा (आम्ल झेलण्याची ताकद) खात राहतात, पीएच घसरत जातो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होत जातं. तो ६ च्या आसपास आला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साचतो. फक्त तो बहुतांशी अमोनियमच्या, कमी विषारी रूपात असतो. अशा वेळी एकदम निम्मं पाणी बदललं की पीएच उसळतो आणि तेच अमोनियम घातक अमोनिया होतं. पीएच ७ वरून ८ वर गेला तर विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. ‘पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी मासे गेले’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. इथे दररोज दहा टक्के, असं हळूहळू जायचं.

बाटलीतल्या औषधांना एकाच मापाने मोजू नका. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर अडीनडीला खरंच कामाचं, रात्री उशिरा आकडा वर दिसला आणि पुरेसं पाणी तयार नसलं तर. पण त्याचा असर साधारण एक-दोन दिवसांचा, आणि अमोनिया टँकमध्येच राहतो. किटवर तो दिसतही राहतो, त्यामुळे घाबरून पुन्हा डोस टाकू नका. पाणी स्वच्छ करणारं क्लॅरिफायर केवळ डोळ्यांच्या समाधानासाठी: ते बारीक कणांचे गठ्ठे करतं, विषाला हातही लावत नाही. जिवाणूंची बाटली कधी लागू पडते, कधी नाही. आतले जिवाणू जिवंत आहेत का हे बाहेरून कळायला मार्ग नाही. कुणाच्या निरोगी, जुन्या टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर मी डोळे मिटून तो घेईन.

मूळ दुखणं बरं होतं ते फिल्टरने, पण आज बसवला की उद्या गुण, असं नाही. नव्या टँकमध्ये जिवाणू बस्तान बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे संकटात नवा फिल्टर घेणं म्हणजे पुढची सोय, आजची नव्हे. असलेला स्पंज नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळला की पुरे. दर महिन्याला कार्ट्रिज फेकायला सांगणाऱ्या सूचना पाळल्या तर जिवाणूही कचऱ्यात जातात. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन रंग, वास आणि औषध काढतो, अमोनिया काढत नाही. झिओलाइट (अमोनिया शोषणारे खनिज खडे) काढतो, पण टँकमध्ये मीठ घातलं तर शोषलेला अमोनिया परत सोडतो. यूव्ही दिवा मुख्यतः हिरव्या पाण्यावरचा इलाज.

मग निवड कशी? अमोनिया किंवा नायट्राइट ०.५ पीपीएम किंवा त्याहून जास्त: पीएच बघून आजच पाणी बदला, सोबत कंडिशनर, एअर पंप जोरात, एक-दोन दिवस खाणं बंद. दोन्ही शून्य आणि पाणी दुधाळ: हात लावू नका, जिवाणूंचा तो फुलोरा आपोआप ओसरतो. हिरवं असेल तर टँकच्या उजेडाच्या दिव्याचे तास कमी करा.

नायट्रेट ४० पीपीएमच्या वर असेल तर घाई नाही. दर आठवड्याला पाव टँक बदला आणि झपाट्याने वाढणारी झाडं लावा. मनी प्लांटची नुसती मुळं पाण्यात सोडली तरी ती नायट्रेट ओढतात, फक्त सडकी पानं वेळच्या वेळी काढा. तरीही आकडा उतरत नसेल तर नळाचं पाणी तपासा. त्यातच २०-३० असेल, तर कितीही बादल्या ओतल्या तरी नुसत्या पाणी बदलण्याने तो त्याखाली यायचा नाही. तिथे आरओचं पाणी मिसळणं, जास्त झाडं लावणं किंवा मासे कमी करणं यातलंच काहीतरी करावं लागतं.