मनोरीचे निवासी शिवण-शिबिर: अडलेली कामे पुढे नेणारे तीन दिवस

गिरगावातल्या दोन खोल्यांच्या घरात डबलबेडच्या मापाची गोधडी शिवायला घेतली, की शिवणकामापेक्षा जागेचाच प्रश्न मोठा होतो. तुकडे कापणे आणि जोडणे खिडकीजवळच्या मशीनवर निभावते. परंतु वरचा थर, कापसाचा थर आणि अस्तर एकमेकांवर सुरकुती न पडता अंथरून टाचायचे म्हटले, की पलंग हलवावा लागतो, पलंग हलवला की कपाटाचे दार उघडत नाही, आणि संध्याकाळी घरची माणसे परतण्याआधी सगळे पुन्हा गुंडाळून ठेवावे लागते. या कारणाने माझी तीन कामे दीड-दोन वर्षे अडून राहिली होती. म्हणून मनोरीला एका बंगल्यात भरणाऱ्या निवासी शिवण-शिबिराला मी शुक्रवार ते रविवार जाऊन आले. राहणे, जेवण आणि मार्गदर्शन मिळून ९,५०० रुपये घेतले. मशीन, कापड आणि दोरा आपला आपण न्यायचा होता.

मशीन नेणे हाच प्रवासातला अवघड भाग आहे. मालाड पश्चिमेहून बसने मार्वे आणि तिथून खाडी ओलांडून होडीने मनोरी, हा जवळचा रस्ता. माझे मशीन सहा किलोंच्या आतले असल्यामुळे चाकांच्या बॅगेत जुनी चादर गुंडाळून नेता आले. ज्यांच्याकडे जुने, पूर्ण लोखंडी मशीन आहे त्यांनी भाईंदर-उत्तनमार्गे गाडीने यावे. वळसा मोठा असला तरी मशीन दारापर्यंत पोहोचते.

आम्ही दहाजणी होतो. प्रत्येकीला स्वतंत्र मेज होते, आणि त्याशिवाय कापण्यासाठी कमरेच्या उंचीचे एक मोठे सामाईक मेज. ही उंची फार महत्त्वाची आहे. घरी जमिनीवर बसून रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याची सुरी) चालवताना अर्ध्या तासात पाठ भरून येते आणि हात सुटल्यामुळे पट्टी तिरकी कापली जाते. इथे उभे राहून सरळ दाब देता येत असल्यामुळे कापडाचे चार थरसुद्धा एका ओढीत कापले गेले.

माझे पहिले काम म्हणजे पुतणीच्या लग्नासाठी घेतलेली लॉग कॅबिन नमुन्याची गोधडी. मध्ये लाल चौकोन आणि त्याच्याभोवती पट्ट्यांचे चार फेरे, असा एकेक ब्लॉक. एकूण छप्पन्न ब्लॉक लागणार होते आणि अडतीस तयार होते. प्रत्येक ब्लॉक कच्च्या मापात, म्हणजे कडेची शिवण धरून, साडेबारा इंच भरायला हवा होता, तो साडेअकरा भरत होता, आणि चूक कुठे होते हे मला घरी कधीच उमगले नव्हते. शिबिर घेणाऱ्या ताईंनी ब्लॉककडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी मला दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून एकमेकींना जोडायला सांगितले आणि इस्त्री करून मधली पट्टी मोजली. पाव इंचाची, म्हणजे दोन सुतांची, माया (शिवणीच्या आत जाणारी कापडाची कड) नेमकी पडली असेल तर मधली पट्टी बरोबर एक इंच उरते. माझी एक सूत कमी भरली. याचा अर्थ प्रत्येक शिवणीत माया अर्धा सूत जास्त जात होती. दोन्ही तुकड्यांतून मिळून एका शिवणीला एक सूत, आणि ब्लॉकच्या रुंदीत आठ शिवणी असल्यामुळे आठ सूत, म्हणजे पूर्ण एक इंच. मशीनच्या साध्या फूटची (कापड दाबून धरणाऱ्या पायाची) कड सुईपासून पाव इंचावर असते हे मी गृहीत धरले होते, तिथेच सगळे बिघडले होते.

मी अडतीस ब्लॉक उसवायच्या तयारीने बसले होते. ताई म्हणाल्या, “सगळे सारखेच लहान आहेत ना? मग उसवता कशाला? राहिलेले अठरा याच मायेने शिवा, आणि वरून काठ लावा.” साडीला काठ असतो तसा चारही बाजूंनी साडेतीन इंचांचा काठ धरला, तर गोधडीचे माप ८४ बाय ९५ इंच होत होते, मूळ आखणी ८४ बाय ९६ची होती. हा एकच सल्ला मला शिबिराच्या पूर्ण शुल्काइतका मोलाचा वाटतो. उरलेले अठरा ब्लॉक मी दोरा न तोडता साखळीने शिवले, आणि शनिवारी दुपारी काठासकट वरचा थर तयार होता.

त्यानंतर टाचण्याचे काम आले. अस्तर चारही बाजूंनी चार इंच जास्त हवे, म्हणजे ९२ बाय १०३ इंच. नेहमीच्या ४४ इंची पन्ह्याच्या कापडात त्याला तीन फाळ जोडावे लागतात आणि सात मीटरपेक्षा जास्त कापड लागते. शिबिराच्या आधी आलेल्या सूचनापत्रात चादरीचे १०८ इंची पन्ह्याचे कापड घ्यावे असे लिहिले होते. मी ते मंगळदास मार्केटमधून अडीच मीटर आणले आणि एकही जोड द्यावा लागला नाही. रात्रीच्या जेवणानंतर चार मेजे जोडून अस्तर चिकटपट्टीने ताणून बसवले, आणि तिघीजणींनी मधून कडेकडे जात कच्चे टाके घातले. सेफ्टी पिनांनी हे काम लवकर होते; मात्र समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत साध्या पिना गंजतात आणि त्यांचे तपकिरी डाग सुती कापडावरून जात नाहीत. पुढची टीप मारायला महिने लागणार असतील तर मुंबईत दोऱ्यानेच टाचावे, हे ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटले.

दुसरे काम भाचीच्या बाळाच्या दुपट्याचे होते. फिका आणि गडद असे पाच इंची चौकोन जोडीने ठेवून, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारून कर्णावर कापले, की दोन दुरंगी चौकोन मिळतात. ते साडेचार इंचांवर छाटायचे. ऐंशी चौकोन रविवारी सकाळी झाले आणि आठ बाय दहा असे मांडूनही झाले. ओळी जोडायच्या राहिल्या.

तिसऱ्या कामासाठी मी खरे तर सर्वांत जास्त आतुर होते. आजीच्या दोन इरकली लुगड्यांची हातशिवणीची गोधडी मी सुरू केली होती, आणि धावदोरा मध्यापर्यंत नेता नेता कापडात झोळ जमा होत होता. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या कवंदीचे, म्हणजे त्यांच्या तुकड्यांच्या गोधडीचे, उदाहरण देऊन ताईंनी कारण समजावले. कवंदी कडेपासून आत शिवत नेतात, पण तिथे तुकडे शिवता शिवताच ठेवले जातात, त्यामुळे जास्तीचे कापड पुढे सरकत नाही. माझ्या गोधडीवर अखंड लुगडे असल्यामुळे सगळा ढिलेपणा मध्ये गोळा होत होता. आधी पूर्ण टाचून मगच शिवावे, असा त्यांचा उपाय. मी चार फेरे उसवले. लुगडे जिथे विरले होते तिथे आतून त्याच्याच पदराशेजारचा तुकडा घातला, आणि लाल रंग उतरतो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने तपासले. थोडा उतरला, म्हणून ही गोधडी वेगळीच धुवावी लागेल. आजीच्या कापडावर काम करताना घाई करणाऱ्या कोणी नव्हत्या, याचे मला फार समाधान आहे.

उणिवा दोन होत्या. पहिल्या सकाळी चार इस्त्र्या एकाच जोडणीवर चालू होत्या. प्रत्येकी हजार वॉट म्हणजे सतरा अँपिअरहून जास्त भार, आणि वीज दोनदा गेली. नंतर एका वेळी दोनच इस्त्र्या असा नियम झाला, पण रांग लागू लागली. दुसरी उणीव उजेडाची. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यांत गडद निळा आणि काळा ओळखता येत नाही, आणि माझ्या एका ब्लॉकमध्ये त्यामुळे चुकीची पट्टी गेली. मेजावरचा पांढरा दिवा घरूनच न्यावा.

जेवण साधे आणि वेळेवर होते.

ज्यांना शिवणकाम पहिल्यापासून शिकायचे आहे त्यांना हे शिबिर पुरणार नाही, कारण ताई प्रत्येकीच्या मेजाशी येतात ते अडलेल्या जागेपुरत्या. अर्धी राहिलेली कामे घेऊन जाणाऱ्या बाईने मात्र जरूर जावे, आणि जाताना मोठ्या मेजाची गरज असलेले काम आधी काढावे. शनिवारी मोठे मेज मिळते. रविवारी दुपारी सगळ्याजणींना ते एकदमच हवे असते.

लॉग कॅबिनची गुंडाळी मी होडीतून खांद्यावर आणली. ती टाचलेली असल्यामुळे आता खिडकीजवळच्या मशीनवर, पलंग न हलवता, टीप मारता येते. मधल्या चार ओळी झाल्या आहेत.