पाकाचा डबा: चांगला, पण तुराट्या टाकूनच वापरा

दिंडोरीकडे आमच्या सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाशीच्या, पेट्या आहेत. भर पावसात फुलोरा नसला की साखरेचा पाक द्यावाच लागतो. म्हणून नाशिकातून पेटीत पोळ्याच्या चौकटीच्या जागी बसणारा प्लास्टिकचा डबा आणला. दारात लावायच्या बाटलीपेक्षा बरा. पाक आत राहतो, त्यामुळे शेजारच्या पेटीतल्या माशांची लूटमार कमी. पण आतल्या भिंती अगदी गुळगुळीत, माशा घसरून बुडतात! बनवणाऱ्याने कधी पेटी उघडली असेल का, शंकाच आहे. तुराटीचे तुकडे तरंगत ठेवा. किलोभर साखर, लिटरभर कोमट पाणी, आणि भरायचं संध्याकाळीच. गूळ नको, माशांना हगवण लागते. कांद्याचे डोंगळे फुलले की मी डबा काढतो, नाहीतर मधात साखर उतरायची. घेताना माप बघा, मेलिफेरा या मोठ्या विदेशी माशीच्या पेटीचा डबा सातेरीच्या पेटीत बसत नाही.