'गेम चालतोय' हा पुरावा नव्हे: विंडजॅमर्सच्या कार्टमधला गंडा

विंडजॅमर्स या जुन्या व्हिडिओ गेमची कार्ट, म्हणजे मशीनमध्ये खोचायची गेमची कार्ट्रिज, घेताना बहुतेक जण विक्रेत्याच्या एकाच वाक्याला भुलतात: 'व्हिडिओ बघा, गेम मस्त चालतोय.' चालणारच. नकलीसुद्धा चालते.

डेटा ईस्ट कंपनीने 1994 साली निओ जिओ या गेम मशीनवर आणलेला हा तबकडीफेकीचा खेळ. समोरच्याच्या गोलात तबकडी गेली की 3 किंवा 5 गुण, त्याच्या अंगणात जमिनीवर पडली की 2. निओ जिओ म्हटलं की लोकांना मारामारीचे गेम आठवतात, त्यामुळे हा बरीच वर्षं झाकलेला राहिला. पुढे दोघांनी समोरासमोर खेळण्याचा गेम म्हणून त्याचं नाव झालं आणि घरगुती, म्हणजे एईएस कार्टला मागणी आली. आर्केडच्या एमव्हीएस कार्टमध्येही गेम हाच असतो. गंडा घालणाऱ्याला एवढी फट पुरते.

एमव्हीएस कार्ट घरगुती मशीनला थेट बसत नाही. म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी स्वस्त गेमची एईएस कार्ट उघडायची, तिच्यातल्या दोन बोर्डांवरच्या चिप्स काढायच्या आणि तिथे एमव्हीएसमधल्या चिप्स किंवा कॉपी भरलेल्या ईप्रॉम (डेटा पुसून पुन्हा भरता येणाऱ्या चिप्स) सोल्डर करायच्या. वरून छापलेलं लेबल. याला कन्व्हर्जन म्हणतात. शौकीन लोक ते उघडपणे करतात, त्यात गैर काही नाही. तीच कार्ट 'ओरिजिनल' म्हणून खपवली की ती फसवणूक.

इंग्रजी आवृत्तीच्या नावाखाली आणखी एक टोपी घातली जाते. मशीन जपानी असेल तर पडद्यावर 'फ्लाइंग पॉवर डिस्क' येतं, बाहेरच्या देशातलं असेल तर 'विंडजॅमर्स'. कार्ट एकच. त्यामुळे पडद्यावरच्या नावावरून कार्ट कुठली ते कळत नाही. फरक खोका, कव्हर आणि पुस्तिकेत असतो, आणि कागद छापणं सगळ्यात सोपं. निओ जिओ सीडी या सीडीवर चालणाऱ्या मशीनच्या आवृत्तीबाबत तर विचारूच नका. त्या मशीनला कॉपीपासून संरक्षणच नाही, घरी बर्न केलेली सीडी बिनतक्रार चालते.

आतले फोटो मागितले की ठरलेलं उत्तर येतं, 'उघडताना प्लास्टिक खराब होईल.' किंवा फोटो येतात, पण दुसऱ्याच कार्टचे. म्हणून दोन्ही बोर्डांच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा, आणि प्रत्येक फोटोत शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि बाहेरचं लेबल मागा. टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडून द्या.

फोटोत काय पाहायचं? बोर्डावर 'निओ-एईजी' छापलेलं असेल, पण त्यावर भुलू नका. बळी दिलेल्या कार्टचा बोर्डही खराच असतो, त्यावर तेच छापलेलं असतं. गेमचा क्रमांक चिप्सवर असतो, विंडजॅमर्सचा 065: 065-पी1, 065-एस1, 065-सी1 असे. (पी म्हणजे प्रोग्रॅम, एस म्हणजे पडद्यावरची अक्षरं-आकडे, सी म्हणजे चित्रं.) चिपच्या मधोमध गोल काचेची खिडकी किंवा ती झाकणारा स्टिकर दिसला तर ती ईप्रॉम. (काही खऱ्या कार्टमध्येही एखादी सापडते, एवढ्यावरून निकाल लावू नये.) बोर्डाची मागची बाजू जास्त बोलते. कारखान्यातलं सोल्डरिंग एकसारखं, बारीक चमकतं. हाताचं असेल तर काही पिनांवर गोळा, काहींवर कमी, मध्ये सोल्डर करताना लावलेल्या फ्लक्सचा पिवळसर चिकट थर, आणि चिप उपटताना सुटलेली तांब्याची रेघ पातळ वायरने जोडलेली. चिपवरच्या चार अंकी कोडमध्ये पहिले दोन आकडे बहुधा वर्षाचे असतात. तिथे 1994 नंतर बऱ्याच वर्षांनी बनलेली चिप निघाली तर प्रश्न मिटला.

कार्ट हातात आल्यावर पाच मिनिटांत समाधान मानू नका. अर्धवट धरलेला सोल्डर जॉइंट गरम झाल्यावर दगा देतो, तेव्हा दोघांनी बसून किमान अर्धा तास खेळा. सहाही खेळाडू घ्या, बीच, लॉन, टाइल्ड, क्ले, काँक्रीट, स्टेडियम ही सहाही मैदानं घ्या. याला कारण आहे. चित्रांच्या सी चिप्स जोडीने काम करतात. जोडीतली एक बिघडली की आकार जागेवर राहतो, रंग मात्र भलतेच येतात, आणि तेही त्या जोडीतल्या चित्रांपुरते. एकाच मैदानावर खेळलात तर दोष कळणारही नाही. मैदान आणि खेळाडू विस्कटलेत पण गुणांचे आकडे स्वच्छ आहेत, तर सी चिप्स. उलट असेल तर एस. नुसता आवाज गेला तर एम किंवा व्ही, म्हणजे आवाजाच्या चिप्स. गेम सुरूच होत नसेल तर आधी कार्टचे कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग पी चिपवर संशय घ्या.

पार्सल फोडण्यापासून कार्ट उघडेपर्यंतचा व्हिडिओ न थांबवता काढा. 'उघडली तर परत घेणार नाही' ही अट आधी मान्य केली असेल तर पुढे हात बांधले जातात, म्हणून पैसे देण्यापूर्वीच तपासणीसाठी उघडण्याची परवानगी लेखी घ्या. दोष दिसला तरी स्वतः सोल्डरिंग गन लावू नका. एक जॉइंट जरी ताजा केलात तरी विक्रेता सगळं तुमच्याच माथी मारेल.

कन्व्हर्जन निघूनही ठेवायची असेल, तर ईप्रॉमच्या खिडकीवर अपारदर्शक स्टिकर घट्ट बसवा, कारण अतिनील प्रकाशाने आतला डेटा पुसला जातो. आणि कधी विकायला काढलीत तर 'कन्व्हर्जन' हा शब्द जाहिरातीच्या पहिल्या ओळीत लिहा, मागच्या बाजूच्या फोटोसकट.